ज्याच्या रानात पाणी थांबतं

मखमलाबाद, नाशिक
१६ सप्टेंबर २००४

चि. पूजा,

आईचे खूप खूप आशीर्वाद. आम्ही सगळे मजेत. फोनवर तुझे बाबा शेजारी कान लावून बसतात, म्हणून पत्र लिहितेय.

तुझ्या जर्मनीतल्या बीव्हरचे फोटो गल्लीभर फिरले. उंदराच्या जातीचा प्राणी झाडं पाडून ओढ्यावर बांध घालतो अन् खालच्या गावांचा पूर अडतो, हे ऐकून शेजारच्या फुलाबाईनं कपाळावर हात मारला. "अगं बाई, गणपतीचं वाहन हाय ते! इथं आलं तर मारताही यायचं नाय, अन् द्राक्षाचे मांडव कुरतडून टाकंल." बाबा म्हणाले, "बांधाची मजुरी तर वाचंल!" हसून हसून पोट दुखलं.

पण त्या बांधापायी ज्याच्या बीटाच्या रानात पाणी तुंबलं, ज्यानं तुला दारातून हाकललं, त्या म्हाताऱ्याचा मला राग नाही आला. त्याच्यापायी तू ही बीव्हर राखायची नोकरी सोडून घरी येते म्हणालीस, म्हणून सांगते.

आपल्या ओढ्यावर बांध झाला तेव्हा खालचे सगळे मळे वाचले आणि आपला मेथीचा तुकडा पाण्याखाली गेला. दोन वर्षं बाबा कुणाशी धड बोलले नाहीत. मेथीचं दुःख नव्हतं गं. कुणी तोंडदेखलंसुद्धा काही विचारलं नाही, ते लागलं.

परवा पोळ्याला, खालच्या मळ्यातला पुंजाराम वेशीत आपली जोडी मागं घेऊन उभा राहिला. पहिला मान पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या घरचा! म्हणाला, "बहिरूभाऊ, यंदा तुमची बैलं पुढं. पाणी तुम्ही झेलता, म्हणून आम्ही कोरडे." बाबांनी सगळ्यांदेखत डोळे पुसले. काल फावडं घेऊन स्वतःच बांधाची माती सारखी करायला गेले.

तेव्हा त्या म्हाताऱ्याला प्राण्याचे गुण सांगत बसू नकोस. पुरातून वाचलेली खालची माणसं त्याच्या दारी ने. त्यांनाच बोलू दे.

आता खरं सांगते. तू येणार म्हणून मी इतकी हरखले की तुझी खोली झाडली, फुलाबाईला सांगूनही टाकलं. उत्तर मुद्दाम लांबवलं. वाटलं, कुणी अडवलं नाही तर येशीलच. पण हिरमुसून ओट्यावर बसलेली तू मला बघवायची नाही. एकदा त्या म्हाताऱ्याकडे जाऊन ये. आत्ता घरी येऊ नकोस.

हे लिहिलं खरं, पण पाकीट बाबांनाच टाकायला देते. मी पेटीपर्यंत नेलं तर परत घेऊन येईन.

तुझ्यावाचून करमत नसलेली,
आई