कलम सात आणि मामांची पाठ

ती. मामा,

नमस्कार. साष्टांग म्हणत नाही, कारण गेले चार दिवस माझीही पाठ धरली आहे, आणि न घातलेला नमस्कार घातला असं लिहिणं मला जमत नाही. तुमची पाठ कशी आहे? डावीकडची कळ अजून गुडघ्यापर्यंत उतरते का? मामींच्या डोळ्यातून आता पाणी येत नाही, हे त्यांनीच काल फोनवर सांगितलं. (फोन पाऊण तास चालला. त्यातली तीन मिनिटं डोळ्याला मिळाली. उरलेल्या वेळात काय बोलणं झालं ते पुढे येईल.) तुमची भाचेसून ठीक आहे. सध्या ती माझ्याशी कामापुरतंच बोलते, आणि काम फारसं निघत नाही. पत्र बऱ्याच दिवसांनी लिहितो आहे, म्हणून आधीच सांगतो, की मी काही मागायला लिहीत नाही.

आमचा पेपर तुम्हाला माहीत आहेच. त्याच्या कंपनीत तुमचे चाळीस भाग आहेत. चाळीस वर्षांपूर्वी शहरातल्या तीनशे माणसांनी पैसे घालून तो काढला. त्यात मास्तर होते, डॉक्टर होते, एक शिंपी होता, दोन न्हावी होते आणि एक मोजणीदार, म्हणजे तुम्ही. तुम्ही भाग हौसेने घेतले नव्हते. पहिले संपादक भाग विकायला आले ते तुमच्या दारातून हलेनात आणि तुम्हाला तर मोजणीला जायचं होतं, असं आई सांगायची. त्याच संपादकांनी कंपनीच्या नियमांत सातवं कलम घातलं. बातमीतल्या कुठल्याही गोष्टीत मालकांचा हितसंबंध असेल, तर तो त्याच बातमीखाली, बातमीच्याच आकाराच्या अक्षरांत छापावा. तेव्हा मालक तीनशे होते आणि कुणाकडेच फारसं काही नव्हतं. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या शिंप्याचा पेपरात भाग आहे, ही एवढी एकच नोंद पहिल्या दहा वर्षांत सापडते. पुढे माणसं म्हातारी झाली, गेली, मुलांनी कपाटं आवरताना भागांचे कागद विकून टाकले. गेल्या सहा वर्षांत ते सगळे एकाच माणसाने घेतले. त्यांचा गाद्यांचा कारखाना आहे. कचेरीत त्यांना गादीसाहेब म्हणतात; समोर नुसतं साहेब. आज त्यांच्याकडे शेकडा चौऱ्याहत्तर भाग आहेत. कलम सात काढून टाकायला पंचाहत्तर लागतात. येत्या शनिवारी सभा आहे. तुमचे चाळीस म्हणजे शेकडा एक आणि वर थोडं. हे फक्त माहितीसाठी.

कलम सातची ओळ लिहिण्याचं काम माझ्याकडे आहे. पूर्वी मी मुद्रितं तपासायचो आणि ती ओळ जाता जाता लिहून टाकायचो. आता मुद्रितं दुसरा कुणी तपासतो आणि मी दिवसभर ओळच लिहितो. त्यावरून मला कचेरीत 'खालची ओळ' म्हणतात. ("खालची ओळ जेवली का?" असं विचारलं जातं. मी उत्तर देतो.) काम वाढलं ते माझ्यामुळे नाही. साहेबांना घेण्याची आवड आहे. गाद्यांनंतर त्यांनी कापसाची गिरणी घेतली, मग बसगाड्या, मग एक शाळा, मग ती शाळा बांधणारी कंपनी, मग रुग्णालय. प्रत्येक खरेदीनंतर ते कूस बदलल्यासारखे प्रसन्न दिसतात, आणि मी हितसंबंधांचा नवा तक्ता आखतो.

जानेवारीत एक बस शाळेच्या भिंतीवर आदळली. सहा जण किरकोळ जखमी झाले. बातमी चार ओळींची होती. तिच्याखाली मी लिहिलं, की ही बस चालवणाऱ्या कंपनीत, या शाळेत, ही भिंत बांधणाऱ्या कंपनीत, जखमींना नेलं त्या रुग्णालयात, तसंच जखमींना ज्यांवर झोपवलं त्या गाद्यांत या वृत्तपत्राच्या मालकांचा हितसंबंध आहे. एकेकाचा तपशील धरून ते अकरा ओळींचं झालं. संपादकांनी मला आत बोलावलं. ते सज्जन आहेत, त्यांना दोन मुली आहेत आणि घराचे हप्ते आहेत. "भिंतीपर्यंत समजलं," ते म्हणाले, "पण गाद्या कशाला?" मी विचारलं, "जखमी उभे होते का?" त्यांनी चष्मा काढून पुसला आणि कागदावर सही केली. बाहेर आमचा वार्ताहर बसला होता. ऊन खाऊन, भिंत मोजून बातमी त्याने आणली होती. तो म्हणाला, "तू असं कर, खालची ओळ वर घे. बातमी मी तिच्याखाली टीप म्हणून टाकतो."

मार्चमध्ये साहेबांनी छत्र्यांचा कारखाना घेतला. तेव्हापासून पावसाच्या अंदाजाखालीही ओळ जाते. पहिल्याच दिवशी अंदाज मुसळधार पावसाचा होता. थेंब पडला नाही. एका वाचकाने लिहिलं, की आता सगळा उलगडा झाला. हवामान खात्याशी साहेबांचा काही संबंध नाही, हे मी दुसऱ्या दिवशी छापलं. त्यावर त्याच वाचकाचं पत्र आलं, की 'अद्याप' हा शब्द घालायला हवा होता. त्यात तथ्य होतं. मी घातला. मग संपादकांनी झोपेवर अग्रलेख लिहिला. माणसाला आठ तास चांगली झोप हवी, असं त्यांचं मनापासूनचं मत होतं, आणि त्यांना स्वतःला ती मिळत नव्हती. त्याखाली मला लिहावंच लागलं, की चांगल्या झोपेत मालकांचा हितसंबंध आहे. संपादक दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "अहो, मी खरंच थकलो होतो हो."

आता एक गंमत सांगतो. लोक पेपर खालून वर वाचायला लागले. एक निवृत्त मास्तर आमच्या ओळी कापून वहीत चिकटवतात. एखाद्या दिवशी ओळ कमी आली तर त्यांचा फोन येतो, "आज खालचं काही नाही? तब्येत बरी आहे ना तुमची?" खप वाढला. समोरच्या पेपराला हे जमत नाही, कारण त्यांच्याकडे कलम सात नाही. तो पेपर साहेबांच्या साडूंचा आहे. (साडूंचं सिमेंट आहे.) दोघांचं दहा वर्षं पटत नव्हतं आणि त्यामुळे शहराचं फार चांगलं चाललं होतं. साहेबांच्या बसचे ब्रेक गेले की ते साडूंच्या पेपरात यायचं, साडूंचा पूल खचला की आमच्या पेपरात. दोन्ही पेपर घेणाऱ्या माणसाला सगळं कळायचं. दोघांच्या धाकट्या मेहुणीच्या मुलीच्या लग्नात बायकांनी त्यांना शेजारी बसवलं आणि समेट झाला. त्यानंतर तीन आठवडे शहरात काहीही घडलं नाही. लग्नाचं आमंत्रण मला नव्हतं, पण शहरातला मजकूर ज्या दिवशी आटला तो दिवस मला तारखेनिशी आठवतो.

समेटानंतर साहेबांनी मला बोलावलं. त्यांच्या खोलीत खुर्ची एकच आहे, तीवर ते बसतात. समोर नमुन्याची गादी असते, तीवर पाहुणा बसतो. मी बसलो आणि बसतच गेलो. साहेब वाईट नाहीत. त्यांनी पाणी दिलं. म्हणाले, "मी कधी खोटं छापायला सांगितलं?" मी म्हटलं, नाही. "एखादी बातमी गाळा म्हटलं?" नाही. "मग माझ्याच पेपरात रोज माझीच उठाठेव कशाला?" मी सांगितलं, की आपण घेत जाता, म्हणून ओळ वाढत जाते. "म्हणजे मी घेणं सोडू?" मी म्हटलं, कलम सातात तसं म्हटलेलं नाही. त्यांना हसू आलं. "हे बघा," ते म्हणाले, "घरात आरसा एक पुरे. प्रत्येक भिंतीवर लावला की माणूस जेवायचा कसा? वर्षातून एकदा सगळी यादी आतल्या पानावर छापू, झालं." बोलणं संपलं तरी मला उठता येईना. शेवटी त्यांनी हात दिला. साहेबांचा हात धरून उठलो, ही नोंद मी त्या दिवशीच्या तक्त्यात केली आहे.

निघताना त्यांनी उरलेल्या भागधारकांची यादी मागितली. कुठल्याही भागधारकाने मागितली की ती द्यायची, असं अकरावं कलम आहे. मी दिली. यादीत नाव, पत्ता, भाग आणि शेरा असे रकाने आहेत. मामा, तुम्हाला माहीत आहे, रिकामा रकाना मला बघवत नाही. शिवाय तुमचं-माझं नातं लपवून ठेवणं बरं दिसलं नसतं. म्हणून तुमच्या नावापुढे शेऱ्यात मी लिहिलं: 'माझे मामा. पाठीचा जुना त्रास.'

काल मामींचा फोन आला तो यावर होता. दोन माणसं आली, चपला दाराबाहेर काढल्या, गादी आत नेऊन घातली, कोपरे नीट केले आणि जाताना मतपत्रिका टेबलावर ठेवून गेली. 'ज्येष्ठ भागधारकांस सप्रेम भेट' असं गादीला लावलेल्या चिठ्ठीवर लिहिलेलं होतं. मामींनी सांगितलं, की तुम्ही आधी नको म्हणालात, मग बसून बघतो म्हणालात, मग आडवे झालात. त्यांनी गादीच्या कापडाची वीण, शिवण आणि उशीकडची बाजू यांचं वर्णन केलं. मी ऐकून घेतलं.

इतकंच. मोठ्यांना नमस्कार म्हणायची पद्धत आहे, पण आता आपल्याकडे तुमच्याहून मोठं कुणी राहिलेलं नाही. तेव्हा तो तुम्हालाच पुन्हा.

तुमचा भाचा

ता.क. वर मी काही मागत नाही असं लिहिलं आहे. ते लिहिलं तेव्हा खरं होतं. मामा, विरोधात मत द्या. गादीवर झोपू नका असं मी म्हणत नाही. झोपा. फक्त सही करायच्या आधी एक दुपार जमिनीवर काढून बघा.

ता.क. दुसरा. या पत्राच्या लेखकाचा या मतदानात हितसंबंध आहे. कलम गेलं की ओळ जाते, आणि ओळ गेली की मी जातो. मुद्रितांवर परत घेणार नाहीत, तिथला माणूस माझ्याहून नजरेने तेज आहे. माझं वय बावन्न आहे. हे आधीच लिहायला हवं होतं, पण कलमात 'खाली' असं म्हटलं आहे.

ता.क. तिसरा. पत्र कुरिअरने पाठवणार होतो. मागच्या महिन्यात साहेबांनी कुरिअर घेतलं. म्हणून स्वतः घेऊन आलो आहे, आणि हे तुमच्या ओसरीवर बसून लिहितो आहे. (बसही त्यांचीच, पण दुसरी नाही.) मामींनी दारातच ओठांवर बोट ठेवलं. "उठवू नकोस रे. अकरा वर्षांत पहिल्यांदा असे झोपलेत. मघाशी मी दोनदा नाकाशी हात धरून बघितला." खिडकीतून तुम्ही दिसता. सरळ झोपला आहात, पट्टी लावल्यासारखे.

मतपत्रिका टेबलावर तुमच्या चष्म्याच्या घराखाली आहे. मी ती वाचली नाही. ती उघडी होती. 'विरोध' या चौकटीत खूण आहे, मोजणीदाराच्या हाताची, दोन्ही टोकं चौकटीला टेकलेली. सही आहे. सहीखाली, छापील मजकुराच्याच आकाराच्या अक्षरांत तुम्ही लिहिलं आहे: 'सही करणाऱ्यास मालकांकडून एक गादी मिळाली आहे. गादी उत्तम आहे.'

तेव्हा वरची पानं वाचायची गरज नाही. ती मी परत नेली असती, पण मामींनी तुमच्यासाठी मागून घेतली.

ता.क. चौथा. एक विचारायचं राहिलं. तुमची जुनी गादी संध्याकाळी भंगारवाल्याला द्यायची म्हणून मामींनी बाहेर काढून ठेवली आहे. ती मला मिळेल का? आमची गादी कारखान्याची होती, नोकरांना कमी भावात देतात ती. साहेबांचा हात धरून उठलो, त्याच आठवड्यात मी ती परत केली. चार दिवस आम्ही सतरंजीवर झोपतो. म्हणजे मी झोपतो. तुमची भाचेसून जागी असते. जुनी गादी मी बसच्या टपावरून नेईन आणि तशी नोंद करीन.

तुमच्या नव्या गादीची नोंद रविवारच्या अंकात सभेच्या बातमीखाली येईल. नाव घालणार नाही, 'एका भागधारकास' एवढंच. 'गादी उत्तम आहे' हे मात्र मला गाळावं लागेल. ती जाहिरात झाली.