बेल वाजली तर

दादा,

मोठा आहेस म्हणून नमस्कार.

मी बरी आहे. या नव्या देशात माझे कागद पक्के झाले, दारावर माझ्या नावाची पाटी लागली. हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरींच्या घड्या घालते. आईला सांग, आता मी डॉक्टरकडे उघडपणे जाते. तिचे गुडघे कसे आहेत? शेकून देतोस, की नुसतं विचारतोस?

आता तुझं. आधीच्या देशात मी कागदांशिवाय लपून राहत होते, तेव्हा बाबा गेले. तिथून निघणं मला का शक्य नव्हतं, हे घरात फक्त तुला ठाऊक होतं. तरी भेटायला आलेल्या सगळ्यांना तू सांगितलंस, तिला बापाची पडलेली नाही. आता माझे कागद झाले, तर सहकुटुंब राहायला यायचं म्हणतोस.

ये की. तिथे बेल वाजली की मी गॅस बंद करून, श्वास रोखून न्हाणीघरात बसायचे. इथे ती सवय सुटत चालली आहे. परवा पोस्टमनला मी लगेच दार उघडलं.

तुझ्यापुरती मात्र ती सवय जपून ठेवली आहे.

वहिनीची आठवण काढणारी,
तुझी धाकटी