मागचं गेट

१२ फेब्रुवारी, बुधवार

प्रिय चिमणी,

ऑफिसात पडलेलं हे नाव तुला आवडायचं का, ते मी कधी विचारलंच नाही. कशी आहेस? तुझा फोन लागत नाही. पत्ता रिसेप्शनवरच्या काकूंनी दिला, तोही आढेवेढे घेत. कँटीनचा चहा अजून तसाच पांचट आहे. खिडकीजवळच्या तुझ्या टेबलावर आता प्रिंटर ठेवलाय.

मला बढती मिळाली. नव्या इंजिनिअरांना कोडशिवाय जे लागतं ते शिकवायचं: बोलणं, ऐकणं, माणसं सांभाळणं. आणि शिकवणार कोण, तर मी! पहिल्या दिवशी चाळीस स्लाइड दाखवल्या, निम्मा वर्ग पेंगला. मग जोड्या लावल्या. एकाने पाच मिनिटं आपली अडचण सांगायची, दुसऱ्याने ती नीट ऐकून जशीच्या तशी परत सांगायची. सगळ्यात हुशार इंजिनिअर दुसऱ्याच वाक्याला अडला. "सर, मी उत्तर शोधत होतो, ऐकत नव्हतो," म्हणाला.

मग एका मुलीने हात वर केला. "वरच्याने ऐकलंच नाही तर काय करायचं, सर?"

"मेल करायचा," मी म्हटलं, आणि तुझा मेल आठवला.

अँब्युलन्सच्या कंट्रोल रूममध्ये फोन घेणाऱ्या बायकांशेजारी तू दोन दिवस बसून आली होतीस. घाबरलेली माणसं "मागच्या गेटने या" म्हणून ओरडतात आणि अँब्युलन्स पाठवायच्या आपल्या प्रोग्राममध्ये ते लिहायला जागाच नाही, हे तू मीटिंगमध्ये अडखळत सांगत होतीस. मी म्हटलं, "गोष्टी नकोत, आकडे आण." सगळे हसले. संध्याकाळी तू तेच लिहून मला मेल केलास. तो मी वाचला होता, चिमणी. वाचून बाजूला सारला.

तीन आठवड्यांनी अँब्युलन्स पुढच्या बंद गेटपाशी अकरा मिनिटं उभी राहिली आणि मागच्या खोलीत एका शिंप्याने प्राण सोडला. कदाचित तसाही वाचला नसता, असं डॉक्टर म्हणाले. त्या 'कदाचित'वर मी वर्ष काढलं.

चौकशीत विचारलं, कोणी सावध केलं होतं का? "माझ्या कानावर काही आलं नाही," मी म्हणालो. माहिती आणायला तू गेली होतीस, म्हणून ठपका तुझ्यावर आला आणि तुला काढलं. तुझं मेलचं खातं आधीच बंद केलेलं. पुरावा होता तो एकट्या माझ्याकडे. तू समोरच बसली होतीस.

हे सगळं मी वर्गाला सांगून टाकलं. मग शिंप्याच्या बायकोकडे गेलो. नवऱ्याची अर्धवट राहिलेली कामं तीच पुरी करते. मशीन थांबवून तिने सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे कोणाला तरी आमची काळजी वाटली होती?"

"हो. एका मुलीला."

"मग तिला सांगितलंत का हे?"

"अजून नाही," म्हणालो, आणि दुसऱ्या दिवशी काकूंकडून तुझा पत्ता मिळवला.

काल चौकशी समितीला लेखी जबाब दिला, तुझा मेल जोडून. प्रत सोबत आहे. वर्ग माझ्याकडून काढून घेतलाय, नोकरीही जाईल बहुतेक. तुला परत बोलावतील का, ठाऊक नाही. तू हे काम कायमचं सोडलंस, असं काकू म्हणाल्या. ते नुकसान कुठल्याच जबाबाने भरून निघायचं नाही.

माफी मागत नाही. तू भिडेखातर "असू द्या, सर" म्हणशील, आणि ते मला सोसवणार नाही.

तुझं खरं माहीत असून गप्प बसलेला,
एकेकाळचा तुझा टीम लीड