अण्णाचा पाऊण दिवस

परळी, कार्तिक वद्य पंचमी, संध्याकाळ

आज बाबांचं वर्षश्राद्ध. थोरला म्हणून संकल्प अण्णाचा, तोही मेलबर्नहून, फोनवर. पाणी सोडलं मी. गुरुजींमागून तो म्हणाला, 'गोदावर्याः दक्षिणे तीरे'. तसा दक्षिणेला आहेच म्हणा, जरा जास्तच.

बाबा अंथरुणावर होते तेव्हा याचं एकच पालुपद: 'हैदराबादहून विमानानं पाऊण दिवस फक्त. हाक मारा, आलोच.' पाऊण दिवस! किती हाका मारल्या आम्ही?

पिंड ठेवल्यावर आईनं फोन घेतला. 'अण्णा, पाऊण दिवस लागतो म्हनलास ना? मग वरीस झालं, कावून पोचला न्हाईस रे?'

सिंगापूरला विमान कसं बदलावं लागतं, ते तो समजावू लागला. मी फोन बंद केला. आगाऊपणा झाला का? असेल.

आई 'पुन्हा लाव' म्हणाली नाही.