कावीळ नव्हतीच

अण्णा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण कुणाला कावीळ झाल्याचं ऐकलं की मला अजून हसू येतं. आजारी माणसाच्या घरचे माझ्याकडे चमत्कारिक नजरेनं बघतात. त्यांना काय सांगणार?

त्या वर्षी नामांतरावरून कॉलेजं बंद पडली आणि मी परभणीहून मानवतला घरी आले, तेव्हा तुम्ही मधल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून निजला होतात. चादर घामानं ओली. आईनं मला चुलीपाशी नेऊन हळू आवाजात सगळं सांगितलं. मुतखड्याच्या कळा सोसवेनात म्हणून डॉक्टरांनीच तुम्हाला पेथिडीन या गुंगीच्या औषधाची सुई दिली होती. खडा पडून गेला, सुई राहिली. दवाखान्यातल्या औषधांच्या कपाटाची किल्ली तुमच्याच कमरेला असायची, कारण तिथले कंपौंडर तुम्हीच. डॉक्टरांच्या लक्षात यायला बराच काळ गेला. आल्यावर त्यांनी किल्ली काढून घेतली, पण तुम्हाला काढलं नाही. "घरी बसा. मी येऊन बघत जाईन. बरे झालात की या," एवढंच म्हणाले.

"लोकांना काय सांगायचं?" मी विचारलं.

"कावीळ झालीय म्हण," आई म्हणाली.

पहिले दिवस फार वाईट गेले. तुमचं नाक गळायचं, जांभया थांबायच्या नाहीत, पोटात मुरडा उठायचा आणि पाय असे ओढायचे की तुम्ही ते भिंतीवर आपटायचात. मला अजून दिसतं : आई काशाच्या वाटीनं तुमचे तळपाय घासतेय, मी ज्वारीच्या कण्या चमच्यानं भरवतेय, आणि तुम्ही तोंड फिरवून म्हणताय, "डॉक्टरला म्हणावं एकच दे. एकच. मग कदीच मागत न्हाई." आई घासायचं थांबत नाही. "मागा की," ती म्हणते. "मागायला कोण नको म्हणालंय? मिळणार न्हाई, तेवढंच." तिच्या आवाजात राग नव्हता. पोराला ताप उतरेपर्यंत खेळायला सोडायचं नाही, तसं ती बोलायची.

इकडे तुमची कावीळ गावभर झाली होती. शेजारच्या काकूंनी ऊस आणून दिला. मग मागच्या गल्लीतून आला. कुणाच्या तरी मळ्यातून अख्खी मोळीच येऊन पडली. ओसरीत पाय ठेवायला जागा उरली नाही. एके दुपारी काकू आणखी दोन कांड्या घेऊन आल्या, तुमच्याजवळ टेकल्या आणि वाकून तुमच्या डोळ्यांत बघायला लागल्या.

"डोळे तर पांढरेच दिसायलेत की हो!"

आईनं मान खाली घातली. मी काहीतरी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात तुम्ही हात टेकून उठून बसलात.

"वहिनी, मला कावीळ न्हाई. नशेच्या सुईचं व्यसन लागलंय. ते सोडायलोय."

काकू तुमच्याकडे बघत राहिल्या, मग उसाकडे. "मग ऊस खायला काय हरकत हाय? दात तर शाबूत हायेत ना?"

आधी तुम्ही हसलात. किती दिवसांनी! मग आई, मग मी. हसता हसता तुम्हाला रडू कोसळलं, ते काही केल्या थांबेना, आणि काकू मात्र विळी पुढ्यात ओढून ऊस तासत बसल्या. त्यानंतर दोन-तीन घरांनी आमच्याकडे येणं सोडलं. काकूंनी सोडलं नाही.

हळूहळू तुम्ही चालायला लागलात. पाय ओढायला लागले की मला हाक मारायचात आणि आपण कापसाच्या जिनिंगच्या मागच्या रस्त्यानं निघायचो. आधी कधी विचारलं नव्हतंत, पण आता तुम्ही मला कॉलेजातलं विचारायचात. बेडूक चिरताना भीती वाटली का, मेसमधलं वरण पातळ असतं का. पोखर्णीच्या जत्रेत लहानपणी हरवलात आणि रडायच्या ऐवजी रेवड्या विकायला बसलात, ही गोष्ट मला तिथेच कळली. मध्येच तुमच्या कपाळावर घाम यायचा. "आता लय ओढायलंय, माय," म्हणायचात. मग आपण नुसतेच भरभर चालायचो.

दिवाळीनंतर तुम्ही दवाखान्यात परत गेलात. आईनं मला सोबत धाडलं. किल्ली डॉक्टरांकडेच होती. एका सकाळी कापसाच्या गाडीवरून पडलेली बाई आणली. तिचा पाय मोडला होता. डॉक्टरांनी तो दोन्ही हातांनी धरून ठेवलेला, बाई गुरासारखी ओरडतेय. आपल्या खिशातली किल्ली तुम्हाला काढायला लावून डॉक्टर म्हणाले, "अण्णा, पेथिडीन. अर्धंच भरा."

तुम्ही मला आत बोलावलंत. "इथं उभी रहा. माज्याकडं बघत रहा." औषधाची काचेची कुपी फोडलीत, अर्धं भरलंत, बाईच्या दंडात सुई दिलीत. तुमचा हात जराही हलला नाही. बाई शांत होत गेली. आणि उरलेलं अर्धं औषध त्या फुटक्या कुपीत, तुमच्या चिमटीत.

"हे घे," तुम्ही म्हणालात. मी हात पुढे केला, पण तुमची बोटं सुटेनात. "माय, ओढून घे. मला सोडता येईना."

मी ओढलं. माझं बोट कापलं. मी ते मोरीत ओतलं आणि वर तांब्याभर पाणी टाकलं. मागे वळले तेव्हा तुम्ही माझ्या बोटावर बांधायला पट्टी घेऊन उभे होतात.

त्याच आठवड्यात तुम्ही डॉक्टरांना सांगून ते काम सोडलंत आणि आडतीवर धान्य मोजायला लागलात. पगार कमी झाला. आई म्हणाली, चालेल. शेवटपर्यंत तुम्ही सुईला हात लावला नाहीत. 'ओढायलंय' मात्र कधीकधी म्हणायचात, केस पांढरे झाल्यावरसुद्धा, आणि चपला घालून निघायचात.

हे पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी मी पाठवलं नसतं. कारण एक गोष्ट तुम्हाला कधीच सांगता आली नाही. कॉलेज पुन्हा सुरू झाल्याचा निरोप आला, त्या दिवशी मी मोरीत तोंड धुवायच्या निमित्तानं रडले. तुम्हाला, आईला ते महिने नरकासारखे गेले असतील. मला ते संपायला नको होते.