मोठी पिवळी अक्षरं

मंगरूळपीर,
दि. १४ डिसेंबर २०२५

प्रिय पल्लवीताई,
जय भीम.

अकोल्यात तुम्ही सगळे मजेत असाल. इकडं तूर बरी आहे, आईचे गुडघे कुरकुरतात, आणि साक्षीला आत्याची आठवण फक्त तिच्या हातच्या शेवभाजीपुरती येते. फोन केला असता, पण घरात तुझ्या भावजयीचे, मंजूचे, कान तिखट. म्हणून हे लिहितोय.

आधी आबांचं सांगतो. डोळे गेले तरी मास्तरांना रोजचा पेपर लागतोच. संगणकातला वाचून दाखवणारा आवाज आहे, पण वेबसाइट उघडली की तो जाहिराती आणि मेनू वाचत सुटायचा. बातमी येईस्तोवर आबा शिव्या देऊन मोकळे. मग माझ्या ऑनलाइन अर्जांच्या दुकानातला जुना लॅपटॉप घरी आणला आणि त्यात फक्त अक्षरं दाखवणारा ब्राउझर बसवला. चित्र नाही, माउस नाही.

पहिल्या दिवशी आवाज सारखी सगळ्यात खालची ओळच घोकत बसला. माझं डोकं फिरलं. मग कळलं की आवाज कर्सरच्या मागं जातो आणि हा ब्राउझर कर्सर कोपऱ्यात लपवून ठेवतो. सेटिंगमध्ये जाऊन कर्सर दिसता केला, तसा तो निवडलेल्या लिंकवर येऊन बसू लागला. प्रत्येक लिंकला नंबरही दिला. आता आबा नंबर दाबतात, एंटर मारतात, की बातमी सुरू. "पास झाला लेका," म्हणाले.

मी स्वतः डोळे मिटून ते सगळं वापरून पाहिलं. परत परत पाहिलं. तुला वाटेल, बापासाठी पोरगा किती जीव टाकतो.

तेवढ्यात आईनं घोळ केला. गॅसपाशी पोळ्या लाटत होती, तिथूनच म्हणाली, "काहून रे संघपाल, एवढी मोठी पिवळी अक्षरं केली? मले इथून वाचता येऊन राह्यली!"

आबांचा हात कीबोर्डवरच थांबला.

"मले तं काईच दिसत नाही," ते म्हणाले. "मंग हे मोठी अक्षरं कोणाले?"

मी हसलो. म्हटलं, आबा, तशीच येतात ती. आबांनी माझं मनगट धरलं आणि आईला ऐकू जाणार नाही असं विचारलं, "कवापासून?"

ताई, मागच्या महिन्यात जऊळका स्टेशनवरून साक्षीला गाडीवर घेऊन येत होतो. दिवस मावळला होता, पण अंधार नव्हता. मागून पोरगी किंचाळली, "पप्पा, बंडी! समोर बंडी हाय!" कापसानं भरलेली बंडी, ताई. बैलांसकट. मला ती दिसलीच नव्हती. ब्रेक दाबला तेव्हा बैलाचा श्वास माझ्या हाताला लागला. मंजूला सांगितलं, डोळ्यात कचरा गेला. साक्षी माझ्याकडं बघत राहिली. तेव्हापासून ती गाडीवर माझा शर्ट दोन्ही मुठींनी धरून बसते.

मी फार घाबरलोय. दुकानात गिऱ्हाईक बाजूनं कागद पुढं करतं, तो मला दिसत नाही. डॉक्टरकडं गेलो नाही. आबांच्या वेळी डॉक्टर म्हणाले होते, पोरांचेही डोळे तपासून घ्या, आठवतं? आपण दोघं दारात उभे राहून हसलो होतो.

आबांना मी शेवटी खरं सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "पयले पायरी दिसेनाशी होते, मंग माणूस." मग म्हणाले, "पल्लवीले इचार."

ताई, दिवाळीत तू आपल्याच अंगणाच्या पायरीवरून पडलीस. चष्मा बदलायचा आहे म्हणालीस. तेव्हा तुला पायरी दिसली होती का? खरं सांग. आणि उत्तर येईपर्यंत संध्याकाळची स्कूटी काढू नकोस, तुला माझी शपथ आहे.

डॉक्टरकडं एकट्यानं जायची माझी हिंमत नाही. दोघं जाऊ. अकोल्याला मी बसनं येईन, सकाळच्या.

तुझा घाबरलेला धाकटा,
संघपाल

ता. क. तुझ्या लॅपटॉपलाही तो ब्राउझर बसवून देईन. तशी वेळ न येवो, पण कर्सर कुठून दिसता करायचा ते मला आता पाठ आहे.