मीच केलेल्या घड्याळावरचा आयात कर

९ मार्च

चि. ठकूस,

आशीर्वाद. मी बरा आहे. गुडघा कुरकुरतो, पण चालतो. कामाच्या खोलीचं छप्पर गळत होतं, ते मीच बुजवलं. तूही बरी असशील असं धरून चालतो.

लाकडी पेटी, पितळी तबकडी, दोन काटे, सात चाकं, लंबक आणि चावी. एवढं मी माझ्या हाताने केलं. स्प्रिंग आणि काच तेवढी विकतची, हे मी कधी लपवलं नाही. चाकांचे दाते कानसीने घासत होतो तेव्हा तू समोर स्टुलावर गृहपाठ करत बसायचीस, म्हणून तुला हे सांगायला नको. पण पार्सल ऑफिसात सांगावं लागलं. त्यांना पटलंही. उपयोग मात्र झाला नाही.

आधी चिठ्ठी आली की परदेशातून तुमच्या नावे माल आला आहे, आयात कर भरून न्यावा. मी परदेशातून काहीच मागवलं नव्हतं. गेलो, तर काउंटरवर आपलं घड्याळ.

"हे मीच केलंय," मी म्हटलं. "इथेच, तिसऱ्या गल्लीत."

काउंटरवरच्या माणसाने कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला. "दिसतंय ना काका, मागे नाव कोरलंय तुमचं. पण बाहेरून आलं की आयात."

"अहो, बाहेर गेलं ते इथूनच."

"गेल्याचा कागद?"

कागद कुठून असणार? तू ते विमानात मांडीवर घेऊन गेलीस. जाताना कोणी काही विचारलं नाही, येताना सगळ्यांनाच प्रश्न पडले.

मग हिशेब. कर वस्तूच्या किमतीवर. तू भरलेलं पाठवणावळीचं भाडं, तेही किमतीतच धरायचं. शिवाय हाताळणी शुल्क, म्हणजे पेटी उघडून पुन्हा बंद केल्याची मजुरी. आणि त्या मजुरीवर वेगळा कर. मी तीनदा विचारलं, त्याने तीनदा सांगितलं. चौथ्यांदा म्हणाला, "काका, मलाही असंच शिकवलंय."

ते न कळलं तरी चालेल. माझी गाडी अडली ती तुझ्या फॉर्मवर. किमतीच्या चौकटीत तू चाळीस हजार लिहिलं आहेस. शेजारी, पाठवण्याचं कारण: परत. एवढंच.

जी वस्तू तुला चाळीस हजारांची वाटते, ती तू परत का पाठवलीस?

बिघडली म्हणून म्हणावं, तर घरी आणून भिंतीवर लावली, सुरू केली, अजून एक मिनिटही मागे पडलेली नाही. लंबक वेगळा काढून मफलरमध्ये गुंडाळला होतास, मी शिकवलं तसा, गाठ न मारता. जिला वस्तू नकोशी झाली ती अशी बांधत नाही. जिला हवी आहे ती पाठवत नाही. मी दोन्हीकडून लावून पाहिलं, कुठूनच बसत नाही.

काउंटरवाला म्हणाला, कर वाचेल म्हणून सगळेच 'परत' लिहितात, मनावर घेऊ नका. पण तू असं उगाच काही लिहिणारी नाहीस. ते माझ्याकडूनच आलंय तुझ्यात.

गेल्या महिन्यातला फोन आठवतो. तू म्हणालीस, बाबा, एकटे कशाला राहता, इकडे या. मी म्हटलं, घड्याळ आहे ना तुझ्याकडे, तेच मी समज. मला ते वाक्य चांगलं जमलं असं वाटलं होतं. तू काही बोलली नाहीस. मी समजलो, लाइन गेली.

तुझ्या आत्याला हे सगळं सांगितलं. "दादा, तुला सुट्या भागांचं बरं कळतं," एवढं म्हणून ती कपडे वाळत घालायला निघून गेली. आता याचा काय अर्थ घ्यायचा?

मी काउंटरवाल्याला विचारलं, हे पुन्हा मुलीकडे पाठवलं तर तिलाही तिकडे कर पडेल का. "पडायचाच," तो म्हणाला. "तुम्हीच का नाही घेऊन जात? निघण्याआधी आमच्याकडून गेल्याचा कागद करून घ्या, म्हणजे येताना कटकट नाही. घड्याळालाही, तुम्हालाही."

त्या कागदाचा फॉर्म आणून ठेवलाय. सगळं भरलं आहे, जाण्याची तारीख तेवढी मोकळी आहे. मला अजूनही नीट कळलेलं नाही, तेव्हा ती तूच सांग. आणि मी चुकीचं समजलो असेन तर तेही सांग.

एक राहिलं. पैसे भरण्याआधी काउंटरवाला खाली वाकून म्हणाला, "काका, घरी केलेलं, जुनं घड्याळ. दोन हजार किंमत लिहून सही करा. कर नावालाच बसेल." लाकूड आणि पितळ धरलं तर होतातही तेवढेच. पण आकडा तू घातला होतास. मी दोन हजारांना नाही म्हटलं आणि चाळीस हजारांवर सही केली.

तुझा,
बाबा